चित्राबाहेर गेलेली माणसं

नाशकात माणूस काढता न येणारे चित्रकार तेव्हाही पुष्कळ होते. पण काढता येत नाही म्हणून त्या माणसालाच काहीतरी काम सांगून चित्राबाहेर पाठवून देणारा चित्रकार सबंध मुंबई इलाख्यात एकच. आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. घागर अशी काढत की बघणाऱ्याला तहान लागावी. झाडं, घाटाच्या पायऱ्या, बैलगाडीचं चाक, सगळं हुबेहूब. माणूस काढायला घेतला की मात्र त्याच्या हातांचे झारे व्हायचे आणि नाक वाट चुकायचं. एकदा मोठ्या हौसेने त्यांनी हेडमास्तरांचं चित्र काढलं, तर हेडमास्तरांच्या आईनेच "हा कोण मेला?" म्हणून विचारलं. त्या दिवसापासून आतोबांनी माणसांचा नाद सोडला.

पुढे त्यांच्या चित्रांतली माणसं नेहमी नुकतीच उठून गेलेली असत, आणि ती कुठे गेली, कशाला गेली, याची गोष्ट आतोबा सांगत. "चित्र नुसतं बघायचं नसतं रे, ऐकायचं असतं," म्हणत ते पाहुण्याला दंडाला धरून भिंतीपुढे उभं करीत. इगतपुरीच्या ओल्या फलाटावर एक उघडी छत्री पडलेली, बस्स, एवढंच चित्र. पण आतोबा सुरू झाले की ती छत्री सासरी निघालेल्या मुलीच्या बापाची व्हायची; गाडी सुटता सुटता लेकीचं तोंड आणखी एकदा बघायला तो पावसात धावलेला असायचा, आणि पाहुणा डोळे पुशीत त्या रिकाम्या फलाटाकडे बघत राहायचा. संध्याकाळच्या पाहुण्याला तीच छत्री बिनतिकिटाने आलेल्या शास्त्रीबुवांची. तिकीट कलेक्टर दिसताच बुवांनी धूम ठोकलेली! हरसूलच्या आठवडे बाजाराच्या चित्रात मिरच्यांचे ढीग, टोपल्या, तराजू आणि माणूस एकही नाही. तिकडून नागलीचं धान्य विकायला येणारा एक म्हातारा ते पाहून चरकला. "मास्तर, माल हाय पन मानूस नाय. धाड पडली का काय?" आतोबा म्हणाले, "छे हो! पलीकडे दरवेशी अस्वल घेऊन आलाय, सगळे तिकडे पळालेत." मग अस्वलाचा खेळ इतका रंगला की म्हातारा नागली विकायची विसरूनच गेला.

आत्याला मात्र यातलं काही पटत नसे. "थापा आहेत नुसत्या," असं ती स्वयंपाकघरातूनच ऐकवायची. "एका घरात इतकी वर्षं राहून हिने माझं एक चित्र ऐकलं नाही," हे आतोबांचं मोठं दुःख. आपल्या घराबाहेरच्या एका तरी भिंतीवर आपलं चित्र लागावं, ही त्यांची एकुलती एक इच्छा.

तशी संधी आली. महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधी गावातल्या एका वाचनालयाने नवं दालन बांधलं आणि तिथे कायमचं लावायला एक चित्र निवडायचं ठरवलं. आतोबांनी आठवडाभर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, धुणं आपटण्याच्या आवाजावर आवाज चढवून गोष्टींची तालीम केली आणि ऐन दिवशी त्यांचा घसा बसला. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. शब्द काही फुटेना. दालनात सगळ्या चित्रकारांची चित्रं मांडलेली होती. कमिटीचे अध्यक्ष एक स्थूल वकीलसाहेब होते. ते छत्रीपुढे उभे राहून म्हणाले, "रंग छान आहेत मास्तर. पण माणसं कुठायत?" आतोबांनी जिवाच्या आकांताने हातवारे केले. वकीलसाहेबांना वाटलं, यांना छत्री विकायची आहे. ते पुढच्या चित्रकाराकडे वळले. आतोबांचा चेहरा मला बघवेना.

इतक्यात बायकांच्या घोळक्यातून आत्या पदर सावरीत पुढे आली. "जरा थांबा. त्या छत्रीचे मालक लेकीला बघायला धावलेत." आणि ती सांगतच सुटली. बाप, शास्त्रीबुवा, अस्वल, एकेक गोष्ट जशीच्या तशी, वर स्वतःचं तिखटमीठ लावून. स्वयंपाकघरात बसून बाईने सगळी चित्रं ऐकली होती! माणसं जमली, हसली, डोळे पुसू लागली. आतोबा आ वासून बघत होते.

शेवटचं चित्र चुलीचं होतं. तव्यावर टम्म फुगलेली भाकरी, पुढे रिकामा पाट. याची गोष्ट आतोबांनी कधी कुणाला सांगितलीच नव्हती, त्यामुळे आत्या अडली. वकीलसाहेबांनी आता गोडीने विचारलं, "आणि या बाई कुठे गेल्या?" आत्याने चित्र नीट निरखलं. पाटाचा कोपरा तुटका होता. पाट तिचाच होता. तिने एकदा आतोबांकडे पाहिलं.

"ती होय," ती हळूच म्हणाली, "ती इकडे आलीय. यांचा घसा बसलाय ना."

तेच चित्र निवडलं गेलं. आता आतोबा नाहीत, आत्याही नाही. मी पेन्शनीत निघालो, तेव्हापासून पेपर वाचायला रोज त्याच दालनात बसतो. परवा एक कॉलेजातली मुलगी त्या चित्रापुढे थबकली आणि मला म्हणाली, "आजोबा, भाकरी करपेल की! या बाई कुठे गेल्या?"

"यजमानांबरोबर गंगेवर गेल्यात," मी म्हणालो. "करपायच्या आत येतील."

आतोबा असते तर त्यांनी पुढे खूप काही सांगितलं असतं. पण तेवढं बोलूनच माझा घसा बसला.