चित्रातली सहावी मेंढी

मंगळवारी मधल्या सुट्टीत बाई खुर्चीत बसल्या. घंटा झाली तेव्हा उठल्या नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्या वर्गाची हजेरी पूर्ण केली. रडू आलं नाही.

कर्नाटकच्या सीमेवर, मैंदर्गीजवळच्या आमच्या शाळेत त्या पहिली-दुसरी शिकवत, मी तिसरी-चौथी. बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड, त्यामुळे बाई पाठ्यपुस्तकाआधी चित्रांचं पुस्तक उघडत. गणित त्यातच, वाचनही त्यातच. कोणी घाईने पान उलटलं की म्हणत, “थांबा, चित्र अजून संपलं नाही.” तुम्हीही असे शिक्षक पाहिले असतील, ज्यांचा धडा पुढे सरकतच नाही असं इतरांना वाटतं. मला वाटे.

गेल्या वर्षी पहिलीची चाचणी मी घेतली. चित्रात पाच मेंढ्या होत्या. धनगराची मुलगी म्हणाली, “सहा.” मी नावापुढे लिहिलं : मोजता येत नाही.

ते कळून दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. “येत न्हाय तर बसवून काय करू, बाई? आमी चरायला निघालोय. मेंढरामागं येऊ दे की हिला.”

“बसा जरा,” बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. “सर, सहा कशा, ते विचारलंत का?”

“त्यात काय विचारायचं? पाचच आहेत.”

“विचारा की.”

मी विचारलं नाही. बाईंनीच विचारलं. मुलीने कडेच्या मेंढीच्या पोटावर बोट ठेवलं. “ही गाभण हाय की.”

बापाने पुस्तक लांब धरून पाहिलं. “व्हय. महिन्याभरात व्याईल.”

“आता उभ्या किती?” बाईंनी मुलीला विचारलं.

“पाच.”

“आणि महिन्यानं?”

“सहा.”

मग चित्राखालची ओळ तिने अडखळत वाचली. बाप पान उलटायला लागला.

“थांबा, चित्र अजून संपलं नाही.”

तो हसला. मुलीला आपल्या बहिणीकडे ठेवून एकटाच चरायला गेला. मी माझी नोंद खोडली. बाईंना त्याबद्दल काही बोललो नाही.

बाई गेल्यापासून चारही वर्ग माझ्याकडे आहेत.

परवा तो पुन्हा दारात आला. “बाई न्हाईत. हिला नेऊ का?”

“राहू दे. मी आहे.”

“तुमी इचारणार का तिला?”

“विचारीन.”

 तो मेंढरं घेऊन गेला. मुलगी वर्गात आहे.