साडूंचा गनमाईक

आमच्या साडूंइतका कान देऊन ऐकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, आणि कानांपायी इतकं सोसलेला माणूसही झाला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला देवळाली प्रवऱ्याला, नोकरी साखर कारखान्यात वायरमनची, आणि उरलेला सगळा जीव लग्नाच्या शूटिंगमध्ये आवाज धरण्यात. नव्वद सालानंतर आमच्याकडं लग्नाला एक वेळ भटजी उशिरा आला तर चालायचं, पण व्हिडिओ शूटिंगवाला वेळेवर हवा, असे दिवस आले होते. कॅमेरा साडूंच्या मित्राचा. त्याला स्वतःचा माईक होता, तरी साडूंनी पुण्यातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून हातभर लांबीचा गनमाईक पैदा केला. ज्याच्यावर रोखाल त्याचंच बोलणं धरायचं आणि आजूबाजूचा गलबला बराचसा सोडून द्यायचा, ही त्याची खुबी. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून साडूंनी त्याला जुन्या घोंगडीची टोपी शिवली. बांबूच्या टोकाला ते केसाळ प्रकरण बांधून, कानाला हेडफोन लावून ते मांडवात शिरले की कुत्री भुंकायला लागत. साडू ते भुंकणंही मन लावून टेप करून घेत.

मी हजारदा समजावलं असेल. लग्नाच्या कॅसेटमध्ये आवाज हवाय कुणाला? मिक्सिंगवाला वरून सिनेमाची गाणी टाकतो. अक्षता पडताना एक, नवरी निघताना रडकं एक, झालं! पण हे ऐकलं की साडूंचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा व्हायचा. "अवो साडूभाऊ, नवरी रडती ती तिची तिची रडती. त्या रडन्यावर दुसरीचं गानं कशापायी?" मी कपाळाला हात लावायचो.

बरं, माईक जवळ नेला की आपली माणसं बोलत नाहीत, भाषण करतात. एका लग्नात साडूंनी नवरदेवाच्या आजोबांना मायेनं विचारलं, "काय वाटतंय बाबा?" आजोबांनी टोपी सारखी केली, व्यासपीठावरच्या मान्यवरांपासून सुरुवात केली, सोसायटीच्या चेअरमनपर्यंत आले आणि नातवाचं नावच विसरले. तेव्हापासून साडू आठ-दहा हात लांब उभे राहून, भलतीकडं बघत माईक रोखू लागले. तिथंच घात झाला. दुसऱ्या एका लग्नात नवऱ्याची मावशी पंगतीत शेजारणीला म्हणाली, "जिलबी कालची हाय, आन् नवरीची आई त्याहून शिळी दिसती." दोन्हीकडची मंडळी चहा घेत एकत्र कॅसेट बघायला बसली तेव्हा हे वाक्य खणखणीत वाजलं. चहा तसाच राहिला. मित्रानं त्याच दिवशी हुकूम काढला, की यापुढं आवाज सगळा पुसायचा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी टाकायची.

साडू तरीही प्रत्येक लग्नात आवाज धरत राहिले. मिक्सिंग झालं की मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची पद्धत होती, त्यामुळं साडूंनी हेडफोनमध्ये एकदा ऐकलं की तो आवाज जगातून गेला. असल्या कामाला वेड नाही तर काय म्हणावं? मी म्हणतही होतो, चारचौघांत.

पुढं तिसगावला आमच्या धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. नवरी निघायच्या वेळी आमचे सासरे मांडवाबाहेर लिंबाखाली एकटेच उभे होते आणि स्वतःशी काहीतरी पुटपुटत होते. साडूंनी लांबून माईक रोखला. गाण्यांची यादी घेऊन नगरला मिक्सिंगवाल्याकडं मी जाणार होतो, म्हणून साडू मला स्टँडवर गाठून म्हणाले, "साडूभाऊ, येवढी एक मूळची कॅसेट परत आना. दुसरं काय मागत न्हाई." मी हो म्हणालो. तिथं काम झाल्यावर मिक्सिंगवाल्यानं विचारलं, "ही ठेवायची का?" आणि मी, सुशिक्षित माणूस, म्हणालो, "छे, घ्या वापरायला."

वर्षाच्या आत सासरे गेले. दिवस झाल्यावर सासूबाईंनी आम्हा दोघा जावयांना टीव्हीसमोर बसवलं. "त्यांचा आवाज आसंल ना वो ह्याच्यात?" लिंबाखालचे सासरे आले, त्यांचे ओठ हलले, आणि कुणी नटी गाऊ लागली. सासूबाई आमच्याकडं बघत राहिल्या. "आन् मूळची कॅसेट?"

मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाले, "माझ्या हातनं पुसली गेली, मामी."

मग त्यांनी उठून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला, कॅसेट मागं घेतली आणि सासूबाईंच्या शेजारी मांडी घातली. सासऱ्यांचे ओठ हलायला लागले तसे साडू हळू आवाजात म्हणाले, "धाकलीच्या हाताबिगर गाय पान्हा सोडत न्हाई... उद्या सकाळी काय सांगू तिला?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "पुन्यांदा लावा."

साडूंनी लावलं. त्या दुपारी कितीदा लावलं कुणास ठाऊक. दर वेळी तेच शब्द, मधे तेवढंच थांबणं. मी शेजारीच बसलो होतो. कॅसेट मी घालवली, एवढंच मला म्हणायचं होतं, आणि ते मी आजतागायत म्हटलेलं नाही.