पाटीवरचा भाव

आमच्या लालबागच्या वाण्याने सरकारी कारकुनाला फसवलं, आणि त्या कारकुनाच्या कागदाने माझ्या खाणावळीतल्या गिरणी कामगारांना. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस होते. माझे मेंबर, म्हणजे महिन्याचे पैसे भरून जेवणारे हे कामगार, घोषणा देऊन घसा बसवून यायचे आणि पाटावर बसले की महागाई भत्त्याचं बोलायचे. भत्ता कसा ठरतो ते मला त्यांच्याकडूनच कळलं. कामगाराच्या घरात काय काय लागतं याची यादी सरकारी कचेरीने फार पूर्वी बांधली होती. कारकून ठरलेल्या दुकानांतून त्याच वस्तूंचे भाव लिहून न्यायचा. जुन्या भावांशी ते ताडून कचेरी एक आकडा काढायची. आकडा चढला तरच भत्ता चढायचा.

यादीत उकडा तांदूळ होता. वाण्याच्या पाटीवर त्याचा भाव वर्षभर हलला नव्हता. मागायला गेलं की म्हणायचा, "तो संपला, मावशी. हा घ्या." हा म्हणजे तोच तांदूळ, शेराला दोन आणे चढा. कारकून पाटी वाचून निघून जायचा.

एकदा मी त्याला दुकानाच्या दारातच गाठलं. "साहेब, पाटी वाचू नका. मी मागते, तुम्ही बघा." आत शिरून पाटीच्या भावाने तांदूळ मागितला. वाणी हसला. "तुम्हाला नाही कसं म्हणू?" त्याने आतलं पोतं ओढलं आणि मापून दिला, पाटीच्याच भावाने, वर मूठभर जास्त.

"मिळतो की, मावशी," म्हणत कारकुनाने लिहिलं.

मी भडकले. "दोन आणे जास्त घे," वाण्याला म्हटलं, "रोज घेतोस तसे." जन्मभर घासाघीस करून खाणावळ उभी केली, पण भाव वाढवून घे म्हणून भांडायची वेळ तेवढीच. तो घेईना.

"साहेब, उद्या या. उद्या देतो का बघा."

"उद्या माझा इथला वार नाही."

दुसऱ्या दिवशी तांदूळ पुन्हा संपला होता. आकडा हलला नाही, भत्ता हलला नाही. मला मात्र महिन्याचा दर वाढवावा लागला. एक जुना मेंबर म्हणाला, "मावशी, सरकार म्हणतं महागाई नाही. मग तुमचीच आमटी कशी महागली?" तो गेला, त्याच्यामागे अर्धी पंगत गेली.

वाणी म्हणतो, मी पाटीचाच भाव घेतला. कारकून म्हणतो, पाहिलं तेच लिहिलं. कचेरी म्हणते, आकडा बरोबर आहे. मग माझे पाट रिकामे कोणी केले? तिघांपैकी एकाने तरी माझ्या दारात येऊन सांगावं.