राहुकाळ, जहाज आणि माझे दोन शब्द

कोणत्या तोंडाने सांगू, हाच प्रश्न आहे. कारण अपराध तोंडाचाच आहे. पण चहा ओतून झाला आहे, तुम्हीही सरसावून बसला आहात, तेव्हा ऐकाच. तीन डोलकाठ्यांचे एक अख्खे जहाज मी अडवून धरले आहे. नांगर न टाकता, दोर न बांधता. केवळ बोलून!

मंगळवार पेठेतल्या आमच्या मंदिरात मी वर्षानुवर्षे प्रवचने केली. विषय बहुधा एकच, भवसागर. खरा सागर मी तोवर पाहिलेला नव्हता. पण रंकाळा तलाव पाहिला होता आणि उरलेले काम कल्पनेवर भागत असे. आणखी एक गोष्ट मी ठासून सांगे. सगळे काळ देवाचे आहेत. घड्याळात राहू शोधणाऱ्याने देवाचे नाव घेऊ नये. एका गृहस्थांनी राहुकाळ टळावा म्हणून मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे ताटकळत ठेवले, तेव्हा त्यांना भर सभेत मी असे सुनावले की ते पुढे महिनाभर मागच्या दाराने दर्शनाला येत.

दोन हजार सालाच्या आसपास आमची नात मुक्ता कॉलेजातल्या एन.सी.सी.तून एका सफरीसाठी निवडली गेली. तरुण मुलामुलींना समुद्र शिकवायचा म्हणून मुद्दाम बांधलेले शिडांचे जहाज. मुंबईहून निघायचे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत जायचे. त्यातही, निघताना सुकाणू धरण्याचा मान एकाच प्रशिक्षणार्थीला मिळतो. परीक्षा होऊन तो मुक्ताला मिळाला.

"आबा, समद्यात पहिलं सुकाणू माझ्या हातात!" तिने फोनवर सांगितले. "तुम्ही आणि आज्जी बघायला यायचंच."

"येतो की!" मी म्हणालो. इथवर माझे काहीही चुकले नव्हते, याची नोंद घ्यावी.

आदल्या रात्री मुंबईत नातलगांकडे उतरलो. भिंतीवर दिनदर्शिका होती. भिंतीवर टांगलेली वस्तू माणूस पाहणारच ना? शुक्रवार. राहुकाळ साडेदहा ते बारा. आणि जहाज निघणार पावणेअकराला!

नात एकुलती एक, आणि पाणी रंकाळ्याहून बरेच मोठे. पण हे बोलणार कोणाला? मागच्या दाराने दर्शनाला येणारे ते गृहस्थ डोळ्यांपुढे उभे राहिले. ते हसत होते.

सकाळी सारे पालक गोदीत, जहाजावर जमले. कॅप्टन मोठे सज्जन. मूळचे कोकणातले, पांढराशुभ्र गणवेश, बोलणे मृदू. मुले रांगेत उभी होती आणि मुक्ता सुकाणूपाशी. कॅप्टन माझ्याजवळ आले.

"आजोबा, इथे आपणच सगळ्यांत वडील. मुलांना आशीर्वादाचे दोन शब्द सांगा, मग निघूच."

सांगा, हा ईश्वरी संकेत नव्हे तर काय? बारा वाजेपर्यंत बोलायचे, एवढेच! ज्याने चातुर्मास बोलून काढले, त्याला घटकाभर बोलणे जड का जावे?

मी पाण्यापासून आरंभ केला. पाण्यावरून नावेवर आलो, नावेवरून नावाड्यावर. शीड म्हणजे श्रद्धा, दोर म्हणजे नाम, वारा म्हणजे कृपा. तीन डोलकाठ्या पाहून त्रिगुण सुचले आणि मग काळजी उरली नाही. एकट्या तमोगुणातच साडेदहा टळून गेले.

कॅप्टन मनगटाकडे पाहत होते. एक अधिकारी त्यांच्या कानाशी लागला. त्यांनी हातानेच त्याला गप्प केले. काय ही श्रवणभक्ती, असे मला वाटले.

आमची मंडळी बाजूने उपरण्याचे टोक ओढू लागली. "अवो, आवरा की! पोरं उन्हात उभी हाईत."

मी तिला डोळ्यांनी थोपवले आणि रजोगुणाला हात घातला.

तेवढ्यात मुक्ता दिसली. दोन्ही तळवे पसरून ती ते हळूहळू खाली आणत होती. पुन्हा वर, पुन्हा खाली. चेहरा अगदी काकुळतीचा. आबा, दमलात, बसून बोला, असे तिला म्हणायचे असावे. गुणी पोर! मी मान हलवून खुणेनेच सांगितले, उभ्यानेच बोलणार. तिने कपाळावर हात मारला. मला गहिवरून आले.

बाराचे ठोके पडले तेव्हा मी गजर केला. सर्वांनी तो इतक्या मोठ्याने उचलला की इतका उत्साह मंदिरातही कधी दिसला नव्हता.

"कॅप्टनसाहेब, आता खुशाल निघा," मी म्हणालो. "वेळ उत्तम आहे."

"वेळ उत्तम आहे, आजोबा," कॅप्टन शांतपणे म्हणाले, "पण पाणी गेलं."

"कुठे गेले?"

"ओहोटी लागली. गोदीचं दार फक्त भरतीला उघडतं. ते आता बंद झालं. निघू रात्रीच्या भरतीला."

"रात्री?" माझा तोल सुटला. "अहो, आज संध्याकाळी अमावस्या लागते!"

मुक्ता खालीवर हात करून उतरते पाणी दाखवीत होती, हेही मला त्याच क्षणी उमगले. आमची मंडळी पुढे झाली.

"म्हंजे? तुम्ही राहुकाळ टाळाय बोलत हुता व्हय? मला सांगत हुता, शंका आली की नाम घ्यावं!"

मी विषय बदलला. "पण कॅप्टनसाहेब, आपण मला थांबवले का नाही?"

"माझे आजोबा कीर्तनकार. बुवांचा गजर होईपर्यंत आमच्या घरात कोणी शिंकतसुद्धा नसे. सवय जाईना हो."

"मी आधी कानात सांगितले असते, तर आपण थांबला असता?"

"थांबलो नसतो," कॅप्टन म्हणाले. "दोन शब्द दुसऱ्या कोणाला सांगायला लावले असते."

रात्रीची पाळी दुसऱ्या तुकडीची होती. सुकाणू तिकडे गेले. अमावस्येच्या काळोखात जहाज बंदराबाहेर पडले, तेव्हा आमची मुक्ता खाली स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. निरोप घेताना ती एवढेच म्हणाली, "आबा, लई छान बोललासा." तिने भांडण केले असते तर बरे झाले असते.

जहाज कोचीला सुखरूप पोहोचले. राहूने काही केले नाही, अमावस्येनेही नाही. जे काही केले ते मीच.

पुढल्या वर्षी मुक्ताची पुन्हा निवड झाली, सुकाणूचा मानही पुन्हा मिळाला. जहाज कधी निघायचे, असे मी विचारले की घरात प्रत्येकाला काहीतरी काम आठवे. मुक्ता आधीच शिबिराला म्हणून गेली. एके दिवशी मुलगा "हुपरीला जाऊन येतो" म्हणून मोठी बॅग घेऊन बाहेर पडला. तासाभरावरच्या हुपरीला मुक्कामाची बॅग कोण नेतो? पण मी चंदन उगाळत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारची झोप आटोपून उठलो, तर मंडळींनी हातावर पेढा ठेवला.

"मुंबईस्नं फोन आलता. पोरीचं जहाज निघालं. सुकाणू तिच्याच हातात!"

"निघाले?" मी दचकलो. "पण कोणत्या वेळी?"

"तुम्ही घोरत हुता, त्या वेळी."

तेव्हापासून आमच्या घरात कोणत्याही शुभकार्याला दिनदर्शिका पाहत नाहीत. मला झोप लागली आहे का, एवढे पाहतात.