अव्वाची जागा

लग्नाच्या पंगतीत मी जेवत नाही. लोकांना वाटतं, बाईंना शुगर आहे, आणि मीही तसंच वाटू देते. खरं कारण वास आहे. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाला आंबलेल्या भाताचा, तळणाच्या जुन्या तेलाचा आणि फिनाईलचा मिळून जो वास असतो, तो नाकात गेला की मला घास उचलवत नाही. लातुरात माझ्या धाकट्या भावाचं कार्यालय आहे. त्याच्या भटारखान्याच्या भिंतीला लागून माझे वडील बसलेले आहेत.

बसलेले म्हणजे खरोखरच बसलेले. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत आणि आडवं पुरतही नाहीत. चौकोनी खड्डा खणून त्याच्या एका बाजूला कोनाडा कोरतात, त्यात मेलेल्याला मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि विभूती, बेल, मीठ घालून माती लोटतात. ज्याचं रान आहे त्याला बहुतेक वेळा त्याच्याच रानात बसवायचे. आमचं रान तेव्हाच्या लातूरच्या वेशीबाहेर होतं. त्यात विहीर होती आणि विहिरीच्या वरच्या अंगाला एक बेलाचं झाड होतं.

वडील, म्हणजे आण्णा, गेले ते मोठ्या दुष्काळात. मी नुकतीच मास्तरीण झाले होते, भाऊ शाळेत होता. पहाटे जीव गेला तरी दुपार टळेपर्यंत खड्ड्याला माणसं मिळाली नाहीत. सगळा गाव सरकारी कामावर खडी फोडायला गेला होता, आणि मुकादमानं सांगितलं होतं की हजेरी व्हायच्या आधी जो हलेल त्याचा दिवस बुडाला. आण्णांना भिंतीशी टेकवून बसवलेलं. त्या उन्हात त्यांच्याभोवती माशा घोंघावत होत्या आणि आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, दिवसभर पदरानं त्या वारत होती. सरकारी कागदावर एक टिंब पडावं म्हणून माझा मेलेला बाप ताटकळत बसला. कायदा माणसाच्या मढ्यापर्यंत येतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माणसं आली तर जमीन पहारीला दाद देईना. ठिणग्या उडत होत्या. अव्वा कडेला उभी राहून बघत होती. एकाएकी ती म्हणाली, "माज्या बी खड्ड्याचं आत्ताच उरकून घ्या. पुन्ना दुष्काळ पडला तर तुमचंच हाल व्हतील."

मातीला आलेली माणसं हसली. अव्वा हसली नाही. माती लोटून झाल्यावर तिनं आण्णांच्या डाव्या अंगाला दोन हात जागा मोजली आणि चार कोपऱ्यांना चार धोंडे ठेवले. त्या दिवसापासून ती अव्वाची जागा. दर सोमवारी ती तांब्याभर पाणी नि बेल घेऊन जायची, आण्णांना वाहायची आणि आपल्या चार धोंड्यांमधलं गवत उपटून यायची.

काही वर्षांनी लातूर जिल्हा झालं. मी लग्न होऊन नांदेडला गेले होते, तिथल्याच शाळेत मराठी शिकवत होते. सुट्टीला आले की दर वेळी एक नवी कचेरी दिसायची. साहेब आले, कारकून आले, त्यांना घरं हवी झाली, आणि ज्या रानात कालपर्यंत ज्वारी होती तिथं चुन्याच्या रेघा पडल्या. भाऊ तोवर भुसार दुकान चालवायला लागला होता. त्यानंही आमच्या रानाचं प्लॉटिंग करायचं ठरवलं.

त्या पंचमीला मी माहेरी आले. भावानं साडी घेतली, झोक्यावर बसवून दोन झोके दिले आणि दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री कचेरीत घेऊन गेला. बाहेर ताडपत्रीखाली एक म्हातारा अर्जनवीस टाईप केलेले कागद घेऊन बसला होता. बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडायचा, त्याला हक्कसोड म्हणतात, आणि त्यासोबत आणखीही कागद होते. मी पहिलं पान उचललं. सवयच ती, उत्तरपत्रिका तपासायची.

भाऊ म्हणाला, "अक्का, वाचायलीस?"

एवढंच म्हणाला. रागानं नाही, दुखावून. अर्जनवीस पान चघळत हसला, "मास्तरीणबाई पेपर तपासायल्यात."

ज्यानं हे पाहिलं नाही त्याला कळायचं नाही. आमच्याकडं भावानं पुढं केलेला कागद बहिणीनं वाचणं म्हणजे चार लोकांत त्याला चोर म्हणणं. सातवीच्या पोरांना मी दर वर्षी बजावायचे की वाचल्याशिवाय कुठंही सही करू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मी पान खाली ठेवलं आणि अर्जनवीस जिथं जिथं बोट ठेवील तिथं तिथं सही करत गेले. फक्त एवढं म्हणाले, "अव्वाची जागा तेवढी ठेव बाबा."

"अक्का, तुजी शप्पथ. मी ओपन स्पेसच तिथं सोडलाव. काही जागा मोकळी सोडावीच लागती, कायदाच हाय. तिथं कुणाच्या बापाला बांधता येत न्हाई."

मला बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, कायदा एकदा तरी आपल्या कामाला आला.

घरी आले तर अव्वा उंबऱ्यात वाट बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं. भावानं सकाळी घरीच तिचा अंगठा घेतला होता, त्याची निळी शाई ती पदरानं पुसत होती.

"बाई, वाचलीस का गं समदं?"

"हाव, वाचलं."

"तेच्यात माज्या जागेचं लिवलंय?"

"लिवलंय."

"कसं लिवलंय?"

आता माघार कशी घ्यायची? मी सरळ रचून सांगितलं, "विहिरीच्या वर, बेलाखाली, आण्णाच्या डाव्या अंगाला अव्वाची जागा. असं लिवलंय." तिनं ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग तोंडातल्या तोंडात घोकलं, पोरं पाढे घोकतात तसं. पुढं घरी कुणीही आलं की ती सांगायची, "बेलाखाली, तेंच्या डाव्या अंगाला. कागदावर हाय. माज्या लेकीनं वाचलंय." मी समोर असले की माझ्याकडं बघून सांगायची. मी चहा करायला उठायचे.

प्लॉट विकले गेले. पुढच्या खेपेला आले तर आण्णांच्या भोवती लोखंडी कठडा होता. त्याच्या पुढच्या खेपेला फरशी, मग पत्र्याचं छत, मग वर एक काळी पिंड आणि समोर नंदी. भिंतीवर महादेवाचं नाव रंगवलेलं. मी भावाला विचारलं तर म्हणाला, "लोकांची श्रद्धा बसली, आपुन कोण नाही म्हणनार?" लोक म्हणजे प्लॉटवाले. बदलीवर आलेल्या साहेबांच्या बायका सोळा सोमवार धरून प्रदक्षिणा घालत होत्या. ज्या आण्णांनी हयातीत शेजाऱ्याला कधी उसनी कुदळ दिली नाही, ते आता नवसाला पावत होते म्हणे. मला हसूही आलं आणि शिसारीही आली.

देऊळ झालं म्हटल्यावर सभामंडप आला. मोकळ्या जागेत बांधता येत नाही, पण देवाचा मंडप पाडायला कोण येतो? कागदावर तो सभामंडपच राहिला. प्रत्यक्षात त्यात नवरदेवाची लाल खुर्ची आली, मागं भटारखाना आला, आणि तिथिवार लग्नं लागू लागली. उष्ट्या पत्रावळींचा ढीग बेलाच्या बुंध्याशी पडायचा. डुकरं यायची. वरणाचं पाणी फरशीच्या फटीतून खाली मुरायचं, जिथं आम्ही मीठ नि विभूती घालून माणूस बसवला होता तिथं. आणि अव्वाच्या चार धोंड्यांवर जनरेटर बसवला होता. खाली काळ्या ऑईलचं थारोळं.

अव्वा तरी सोमवारी जायची. जनरेटरच्या पायाशी फडकं मारून यायची. भावाला विचारायची, "तिथनं ती मशीन कवा काढनार रं?"

"काढू की अव्वा. येळ आल्यावर."

वेळ आली ती पुन्हा एका कोरड्या वर्षी, उन्हाळ्यात. लातुरात टँकरमागं माणसं धावत होती. फोन आला तशी मी नांदेडहून जीप करून निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळ्या वाटेनं मला एकच काळजी होती की आधी जनरेटर हलवायला हवा. घरी पोचले. अव्वाला भिंतीशी बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचा हार. मी भावाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "माणसं लावलीस का खणायला?"

तो म्हणाला, "अक्का, तिथं जमायचं न्हाई."

"का?"

"एक तर आज तिथं लगीन हाय. आन् लगीन नसतं तरी कायद्यानं येत न्हाई. वस्तीत मढं पुरता येत न्हाई."

"मग आण्णा?"

तो आतल्या खोलीत गेला. मग कपाटातून फाईल काढून आणली आणि एका पानावर बोट ठेवलं, त्या अर्जनवीसानं ठेवलं होतं तसंच. प्लॉटिंगची परवानगी मागताना वारसांनी दिलेलं ते शपथपत्र होतं. त्यात लिहिलं होतं की सदर जमिनीत कोणाचीही समाधी, थडगं किंवा दफनाची जागा नाही, फक्त विहिरीजवळ पूर्वापार महादेवाचं देवस्थान आहे. खाली अव्वाचा निळा अंगठा. त्याच्या शेजारी माझी सही, चांगल्या वळणदार अक्षरात.

पत्र्याचं छत यायच्या, पिंड यायच्या कितीतरी आधीच त्यानं बापाचा देव करून ठेवला होता. आणि मी त्यावर सही केली होती.

"समाधी म्हून लिवलं असतं तर एकबी प्लॉट गेला नसता," भाऊ म्हणाला. आवाजात लाज नव्हती, व्यवहार होता. "लोकं देवाशेजारी ऱ्हातेत अक्का, मढ्याशेजारी ऱ्हात न्हाईत. देवळाजवळचे प्लॉट तर आधी गेले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू वाचलं का न्हाईस?"

इतका राग आला की हात उचलला असता, पण समोर अव्वा बसली होती आणि तिला मी काय सांगून ठेवलं होतं ते मला ठाऊक होतं. कचेरीत जाऊन ओरडता आलं असतं. सांगता आलं असतं की हे खोटं आहे, तिथं माझा बाप आहे. पण खोटं शपथपत्र माझंही होतं, माझी पेन्शन व्हायला दोन वर्षं राहिली होती, आणि मी गेले नाही. हे लिहिताना मला भावाची जितकी किळस येते त्याहून माझी कमी येत नाही.

अव्वाला समाजाच्या दफनभूमीत नेलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं खड्डे ओळीनं आखलेले असतात, प्लॉट पाडावेत तसे. इथं खणायला मशीन होतं, अर्ध्या तासात काम झालं. अव्वानं जे हाल सांगितले होते ते कुणाचेच झाले नाहीत. शेजारच्या खड्ड्यात कोण आहे म्हणून मी राखणदाराला विचारलं. तो म्हणाला, "एक रिटायर तलाठी हायेत. लई चांगला माणूस व्हता."

माती द्यायच्या आधी राखणदारानं फॉर्म पुढं केला. जवळच्या नातेवाइकाची सही लागते म्हणाला. भावानं पेन माझ्या हातात दिलं. विधी करणारे स्वामी खड्ड्याशी उभे होते, ऊन तापलेलं, खुर्चीत बसवलेल्या अव्वाच्या तोंडाशी माशा आल्या होत्या. मी त्या पदरानं वारल्या. मग चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

"अक्का, कर की सही," भाऊ म्हणाला. "मानसं खोळंबलीत."

मी आवाज चढवला. मयताचं नाव वाचलं, वय वाचलं, कुणाची बायको ते वाचलं, नियम वाचले, कुंपणाला हात लावू नये इथपर्यंत सगळं. जागेच्या रकान्यात लिहिलं होतं, तिसरी रांग, अकरा नंबर. तेही वाचलं, दोनदा वाचलं. कागदात खोटं काहीच नव्हतं. भाऊ मान खाली घालून उभा होता.

सही करण्याआधी मी अव्वाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अव्वा, ह्यो कागद वाचला बग."