चंपालाल शेठचं कोरडं पोहणं

चिनू, मीरा, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, गॅलरीच्या गजाला ते काळं काय लोंबतंय?" साप नाहीत. ट्यूबच्या पट्ट्या आहेत. तुम्ही हल्ली पोहण्यात दम यावा म्हणून जिमला जाता, तेव्हा चंपालाल शेठची गोष्ट आता सांगितलीच पाहिजे.

शेठचं आळेफाट्याला टायर-ट्यूबचं दुकान होतं. ते कडक जैन. पाण्यात सूक्ष्म जीव असतात म्हणून नदीत पाऊलसुद्धा घालत नसत. आणि हा माणूस आम्हाला पोहण्यासाठी तयार करत होता! तरुणपणी तालमीत गेलेले, त्यामुळे ताकद कशी कमवायची ते त्यांना ठाऊक होतं. "बाई, माणूस पाण्यात बुडत नाय, खांद्यात बुडतो," असं म्हणायचे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी पन्नाशीची, शाळेत इंग्रजी शिकवत होते. ओझरला धरणाचं पाणी पोहून ओलांडायला निघाले आणि मध्यावरच हात गळाले. नावाड्याने मला होडीत ओढून घेतलं. घाटावर नेमका माझा नववीचा वर्ग सहलीला आलेला. सोमवारी फळ्यावर होडीचं सुबक चित्र होतं. आता मला पलीकडचा काठ हवाच होता.

माझी मैत्रीण सिंधू कांदा पिकवायची, विहिरीत पोहायला शिकलेली. ती मला शेठकडे घेऊन गेली आणि स्वतःही अडकली. शेठने दुकानामागच्या कडुनिंबाला दोन पट्ट्या बांधल्या. बाकावर पालथं पडायचं, पट्ट्या धरून हात मागे ओढायचे. शंभरदा! मी पंजाबी ड्रेसात, सिंधू नवऱ्याच्या लेंग्यात.

"शेठ, या बायांनी काय गुन्हा केलाय?" एका ट्रकवाल्याने विचारलं.

"पोहतायत."

"पाणी कुठंय?"

"ओझरला. तू टायरात हवा भर, राव."

सिंधू कुरकुरायची, "यापरीस गोण्या उचलल्या असत्या, काम तरी झालं असतं."

"गोण्या उचलून पाठ मोडंल, पाणी कापणार नाय. ओढ!"

चार महिन्यांनी पुन्हा ओझर. शेठ छत्री घेऊन काठावर. समोरच्या बाभळीवर नेम धरून आम्ही निघालो. हात थकेनात. मान खाली घालून हात मारतच राहिलो. काठ लागला तेव्हा बाभूळ कुठेच नव्हती. वळणापलीकडे, फार डावीकडे, एकजण म्हैस धूत होता.

"मावशी, कुणाकडं आलात?" त्याने विचारलं.

होडीने परतलो तर शेठ गुडघाभर पाण्यात उभे. छत्री काठावर पडलेली, धोतर भिजलेलं. आम्ही वळणाआड दिसेनाशा झालो तेव्हा कधी पाण्यात उतरले, त्यांनाच कळलं नव्हतं. छत्री उचलून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. शेठच्या हातात दोन्ही पट्ट्या होत्या. उजवी जाड, ट्रॅक्टरच्या ट्यूबची. डावी पातळ, जीपची. उजवा हात जबर झाला होता आणि आम्हाला डावीकडे ढकलत होता.

"शेठ, चहा?" सिंधूने विचारलं.

"आज उपास."

"पाण्यात पाय घातला म्हणून?"

"ते एक. दुसरं, तुमचा डावा हात मी चार महिने उपाशी ठेवला. चूक माझी."

शेठने दोन्ही पट्ट्या एकाच ट्यूबच्या केल्या, आणि पुढच्या खेपेला आम्ही थेट बाभळीला जाऊन टेकलो. शेठ काठावर, कोरडे.

शेठ आता नाहीत. कडुनिंब रस्तारुंदीत गेला. पट्ट्यांचं रबर मी दोनदा बदललं. गाठ मात्र त्यांनी शिकवलेलीच आहे, आणि डावा हात मी अजून रोज पाच वेळा जास्त ओढते.