उंदरांपर्यंत पोचलेलं औषध

उत्तनच्या पास्कल नाखव्याला टीबी दुसऱ्यांदा झाला तो २००६ च्या पावसाळ्यानंतर. पहिल्या वेळी थोडं बरं वाटताच त्याने गोळ्या सोडल्या होत्या. मासेमारीचा हंगाम सुरू झाला होता, बोट थांबणार नव्हती. आता त्या गोळ्यांना जंतू दाद देईनात. डॉक्टरांनी वेगळ्या गोळ्या आणि जोडीला अमिकासिनचं रोजचं इंजेक्शन सुरू केलं आणि तेव्हाच सांगून टाकलं, "याने कान जाऊ शकतात. पण माझ्याकडे दुसरं काही नाही."

अमिकासिन हे नाव पास्कलच्या मुलीला, स्टेफनीला, नवं नव्हतं. मुंबईच्या कॉलेजात ती एम.फार्म. करत होती आणि तिचं संशोधन याच औषधावर चाललं होतं. सोयाबीनमधून काढलेल्या चरबीचे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे करायचे, त्यांत औषध भरायचं आणि ते फवाऱ्यासारखं श्वासातून द्यायचं. फुफ्फुसातल्या ज्या पेशींत टीबीचे जंतू दडून बसतात, त्याच पेशी हे बुडबुडे गिळतात. औषध तिथेच सुटतं, रक्तातून कानापर्यंत फारसं पोचत नाही. उंदरांमध्ये तरी तसंच दिसत होतं.

नाताळपर्यंत पास्कलच्या कानात सतत शिट्टी वाजू लागली. मग एक दिवस त्याची बायको विल्मा स्वयंपाकघरातून हाका मारत राहिली आणि तो ओसरीवर जाळं विणत बसून राहिला. त्या संध्याकाळी स्टेफनी घरी आली तेव्हा त्याने तिला जवळ बसवलं.

"तुझं ते फवाऱ्याचं औषध तयार हाय ना?"

"उंदरांसाठी आहे, पप्पा."

"काय?"

ती कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाली, "उंदरांसाठी."

"मंग मला उंदीर समज. घेऊन ये."

विल्मा दारात उभी होती. ती लेकीकडे अशी बघत राहिली, की स्टेफनीला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी तिने सुचेता मॅडमना, म्हणजे तिच्या गाइडना, सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आपण ते उघड्या टेबलावर बनवतोय, स्टेफनी. त्यात दुसरे जंतू गेले असतील. बनवताना वापरलेलं रसायन मागे राहिलं असेल. उंदराला चाललं ते माणसाच्या फुफ्फुसात काय करील, मला माहीत नाही. तुलाही नाही."

"मग माणसांसाठी कधी होईल?"

"कुणी कंपनी पुढे आली, सगळ्या चाचण्या झाल्या तर... दहा वर्षं. कदाचित होणारही नाही."

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या फ्रीजमधली औषधाची बाटली स्टेफनीने हातात घेतली. पातळ दुधासारखं पाणी होतं. बाटली पर्समध्ये सहज मावली असती. हात गार पडेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग बाटली परत ठेवून घरी आली.

पास्कलने तिचे रिकामे हात पाहिले.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तू रडू नको. मला तुझं रडणं ऐकू येत न्हाय, पण दिसतंय."

इंजेक्शनं चालूच राहिली. थांबवली तर जंतू वाढणार, चालू ठेवली तर कान जाणार, आणि निवड करायच्या आतच कान पूर्ण गेले. ईस्टरच्या मिस्साला तो चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसला, शेजारचे उठले की उठला, बसले की बसला. बोट त्याने भावाच्या मुलाकडे दिली. इंजिन बिघडतंय हे कळत नसेल तर चार माणसांना खोल पाण्यात न्यायचं कसं, असं त्याचं म्हणणं होतं. मे महिन्यात मूत्रपिंडांवर परिणाम दिसला आणि डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं. उरलेल्या गोळ्यांच्या जोरावर त्याने पावसाळा काढला. दिवाळीच्या सुमारास तो गेला. शेवटच्या दिवसांत विल्मा त्याच्या तळहातावर बोट टेकवून प्रार्थना म्हणायची, आणि तो तिच्या ओठांकडे बघत ओठ हलवायचा.

दफनानंतरच्या सोमवारी स्टेफनी कॉलेजला निघाली. शेजारच्या बायका कुजबुजल्या. विल्माने तिला अडवलं नाही, फक्त विचारलं, "आता कोणासाठी जातेस?"

नवे उंदीर आले होते, त्यांना औषध द्यायचा दिवस होता. स्टेफनीने चपला घातल्या आणि ती बसकडे चालू लागली.